प्रत नसलेला खेळ

सोलापूर-पुणे महामार्गावरचे मोडनिंब मराठी रसिकाला ठाऊक आहे ते कलाकेंद्रांमुळे. संगीतबारीतली लावणी कागदावर जेमतेम असते. गाणारी, ढोलकीवाला आणि समोरची बैठक मिळून ती त्या रात्रीपुरती घडवतात. बैठक उठते, बारी संपते. लावणी मात्र गळ्यात उरते आणि पुढच्या पिढीच्या गळ्यात जाते. २०१९ साली याच गावच्या एसटी थांब्यावर चार मुले आपापल्या फोनमध्ये डोके घालून, एकमेकांना हाका मारत, एकाच बेटावर लढताना आम्ही पाहिली. हाही बैठकीचाच एक प्रकार, असे तेव्हा वाटले. या बैठकीचा गळा मात्र दुसऱ्याच्या मालकीचा आहे, हे पुढल्या वर्षी उमगले.

तो खेळ म्हणजे पब्जी. ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने आधी दुसऱ्यांच्या खेळांत फेरफार करून त्याची कल्पना घडवली. २०१७ साली दक्षिण कोरियात तो आकाराला आला आणि २०१८ साली चीनच्या टेन्सेंटच्या साहाय्याने फोनवर पोहोचला. २०१९ च्या मार्चमध्ये हिंगोलीत रुळांजवळ हा खेळ खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली सापडले; पालकांची चिंता निराधार नव्हती. परंतु २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपांच्या यादीत त्यावरही बंदी आली, ती गलवानच्या संघर्षानंतर, देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. मुलांच्या व्यसनाचा निवाडा त्यात झाला नाही, आणि त्यांच्या सोबतीचा विचारही नाही.

२०२१ च्या जुलैत तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला. रक्ताला हिरवा रंग मिळाला, अल्पवयीनांच्या खेळण्याला वेळेची मर्यादा आली. २०२२ च्या जुलैत तो पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात आधी तीन महिन्यांच्या परीक्षेवर परत आला. साहित्याच्या अभ्यासकाला ही पाठभेदांची साखळी ओळखीची वाटेल. पण येथे एक मूलभूत भेद आहे. नाटकाचे प्रयोग थांबले तरी संहिता कपाटात राहते. अशा खेळाचे जग कंपनीच्या सर्व्हरवर चालते. तो बंद झाला की खेळणाऱ्याच्या फोनमध्ये उरते ते केवळ टरफल. वाचकाच्या हाती प्रतच नसलेले हे वाङ्मय आहे.

मग ते टिकते कशाने? २००३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'चे उदाहरण बोलके आहे. त्यात लढणाऱ्यांइतकेच नाचणारे आणि वाजवणारे खेळाडूही होते. लढून थकलेले लोक त्यांच्या बैठकीत येऊन बसत, आणि तो नाच पाहिल्यानेच त्यांचा थकवा उतरे. २००५ च्या नोव्हेंबरात कंपनीने नवे ग्राहक मिळवण्यासाठी तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ केले. जुने रहिवासी निघून गेले, नवे फारसे आले नाहीत. १५ डिसेंबर २०११ रोजी दिवे मालवले. तथापि हौशी खेळाडूंनी मोठ्या फेरबदलांपूर्वीचे ते जग, कंपनीचा मूळ सर्व्हर हाती नसताना, निरीक्षण आणि स्मरण यांच्या बळावर पुन्हा रचण्याचे काम आधीच हाती घेतले होते.

आम्हांस येथे लीळाचरित्र आठवते. म्हाइंभटांची मूळ प्रत आक्रमणाच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. दोन्हींचे मोल एक नव्हे, हे उघड आहे. पण जगण्याची रीत एकच: ग्रंथ गेला तरी, तो ज्यांच्यात घडला होता ती मंडळी उरली होती.

पुण्याच्या सुपरगेमिंगने अनेक वर्षे खपून १६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'इंडस' हा आपला रणखेळ आणला. तो स्वदेशी आहे, ही आनंदाची गोष्ट. पण सर्व्हर पुण्यातल्या कंपनीचा असला म्हणून खेळणाऱ्याच्या हाती प्रत येत नाही. बारीवालीला निदान आपला गळा सोबत नेता येतो. कंपनीने खेळ बंद केल्यावर तो सांभाळण्याचा अधिकार खेळणाऱ्यांना कायद्याने मिळावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा राहत नाही. तो वाङ्मयेतिहासाचाही होतो. थांब्यावरच्या त्या चार मुलांनी एकत्र घालवलेल्या संध्याकाळींची नोंद आज कोठल्याही कपाटात नाही.