काळ्या हिऱ्याची पारख

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांची परीक्षा सांगितली आणि हिरेही वर्णांत वाटून टाकले. पांढरा ब्राह्मणाचा, तांबडा-पिवळा क्षत्रियाचा, शिरीषाच्या फुलाच्या रंगाचा वैश्याचा, आणि तलवारीच्या पात्यासारखा काळसर हिरा शूद्राचा. हिऱ्याच्या दोषांत त्याने काकपद, म्हणजे कावळ्याच्या पावलासारखा डागही मोजला. ती उतरंड आज वाचवत नाही. डागाविषयीची नापसंती मात्र जवाहिरांनी पुढे शतकानुशतकं पाळली.

काळा हिरा तर डागांनीच घडलेला. मूळ स्फटिक बहुधा रंगहीन, करडा किंवा तपकिरी असतो. त्यात ग्राफाइटचे, कधी लोहखनिजांचे असंख्य कण इतके दाटलेले असतात की आत शिरलेला प्रकाश बाहेर पडत नाही.

१८४०च्या दशकात ब्राझीलच्या बाहिया प्रांतात वाळूरेतीतून काळे, सच्छिद्र गोळे निघू लागले: कार्बोनाडो. सूक्ष्म स्फटिक वेडेवाकडे एकमेकांत रुतलेले असल्याने हा दगड साध्या हिऱ्यासारखा ठरावीक प्रतलावर फुटत नाही. हा गुण जवाहिरांच्या नव्हे, अभियंत्यांच्या कामी आला. १८६०च्या दशकात रोडॉल्फ लेशो यांनी खडक भेदणाऱ्या ड्रिलच्या तोंडाशी कार्बोनाडो बसवला. तेव्हापासून त्याची किंमत चिवटपणावर ठरू लागली. बाहियातल्या लेन्सोइसला सापडलेला ‘सर्जिओ’ ३१६७ कॅरटचा, म्हणजे ३१०६ कॅरटच्या प्रसिद्ध कलिनन हिऱ्यापेक्षाही मोठा. तरी तो तुकडे करून ड्रिलसाठीच वापरला गेला. मला हे वाचताना दर वेळी हळहळ वाटते.

दागिन्यांत काळ्या हिऱ्याला मान मिळाला तो १९९०च्या दशकात, जिनिव्हाच्या फवाझ ग्रुओसी यांच्या ‘द ग्रिसोगोनो’ पेढीमुळे. २०२२मध्ये ‘द एनिग्मा’ हा ५५५.५५ कॅरटचा, ५५ पैलूंचा हिरा सदबीजच्या लिलावात ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

पण पारखायचा कसा? पांढऱ्या हिऱ्याचे नियम इथे लंगडे पडतात. अमेरिकेची जीआयए प्रयोगशाळा नैसर्गिक काळ्याला ‘फॅन्सी ब्लॅक’ ही एकच श्रेणी देते. छटांचे चढउतार नाहीत, आणि निर्मळपणाची श्रेणी तर देतच नाही. म्हणून नजर पृष्ठभागावर जाते. ग्राफाइट मऊ; चाकावर हिरा घासताना त्याचे कण निसटतात आणि पैलूवर खळगे उरतात. सलग, आरशासारखी झळाळी, धारदार कडा आणि पृष्ठभागापर्यंत न आलेल्या भेगा हीच खरी मिळकत. वजन वाढलं की पांढऱ्याचा दर कॅरटमागे जशी उडी घेतो, तशी इथे सहसा घेत नाही.

त्याहून मोठा प्रश्न काळेपणाच्या उगमाचा. भेगाळलेला हलका हिरा तापवला की भेगांच्या कडेला ग्राफाइट तयार होऊन तो काळा दिसतो. किरणोत्साराने काळवंडवलेला हिरा जोरदार प्रकाशझोताखाली कडेला गर्द हिरवा दिसू शकतो. असे हिरे बरेच स्वस्त असतात. काळा मॉइसनाइट तर हिराच नव्हे, पण उष्णता तपासणारं छोटं यंत्र त्यालाही हिरा ठरवतं. प्रश्न प्रयोगशाळेतच सुटतो.

आता मंगळसूत्रातही काळ्या हिऱ्यांचे मणी ओवले जातात. बारीक मण्यांना एकेकाचा दाखला मिळणं कठीण, म्हणून रंग मुळातला की प्रक्रियेचा, हे सराफाकडून पावतीवरच लिहून घ्यावं.