१ जूनची मुलं

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी साठीच्या पुढची पुष्कळ माणसं कागदोपत्री १ जूनला जन्मलेली आहेत. महाराष्ट्रात कुठेही जा, त्या पिढीत हेच दिसेल. घरी तारीख कुणी लिहून ठेवत नसे. जूनमध्ये शाळा उघडायची आणि पहिलीला सहा वर्षं पुरी लागायची. मग गुरुजी १ जून घालून मोकळे होत. यातले जे सरकारी नोकरीत लागले, ते सगळे ३१ मेला निवृत्त होतात. एक तारखेला जन्मलेल्याची सेवा आदल्या महिन्याच्या अखेरीसच संपते.

माझे सासरे गावच्या शाळेत गुरुजी होते. पुढे माझीही बदली इथेच झाली. जनरल रजिस्टरची जुनी पानं त्यांच्या उजवीकडे कललेल्या अक्षरातली. जेवणं आटोपली की मामंजी त्या पानांवरच्या मुलांच्या गोष्टी सांगत. मूल आलं की उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. बोटं पोचली की नाव घातलं. आईला साल विचारावं, तर ती म्हणायची, "गाव उठलं त्या उन्हाळ्यातलं." म्हणजे कोयनेचं धरण झालं आणि वरची गावं शिवसागराखाली गेली तेव्हाचं. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात त्या काळात 'गाव उठल्याने' असं लिहिलेलं सापडतं. त्यापुढे पानामागून पान 'मुंबईस गेला'. ही पोरं गोदीत आणि बाजारात ओझी वाहायला गेली. ज्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, ते अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले.

"आपल्या हाती दोनच रकाने, सूनबाई," मामंजी म्हणायचे. "आलं कधी आन् गेलं का." मला हे पुरतं पटत नाही. मधलं आयुष्य दाखला मागायला शाळेच्या पायरीवर येतंच. फक्त बसायला खुर्ची द्यावी आणि घाई करू नये.

गेल्या जूनमध्ये असेच एक जण आले. जिल्हा परिषदेत लिपिक होते, ३१ मे २०२५ ला निवृत्त झालेले. त्यांची गोष्ट मला मामंजींकडून आधीच ठाऊक होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याच दिवशी खळ्यावर कडब्याच्या आडोशाला हे जन्मले. त्या थंडीत सारा गाव घराबाहेर निजत होता. १९७३ च्या जूनमध्ये आई त्यांना घेऊन शाळेत आली, तेव्हा वय साडेपाच. नियमाने परत पाठवायला हवं होतं. पण थोरल्या मुलासाठी मामंजी त्यांच्या दारी गेले होते, तेव्हा बापाने "गुरं कोन राखील?" म्हणून परतवलं होतं. धाकट्याला वर्षभर थांबवलं तर तोही गुरांमागे जाणार, हे त्यांनी ओळखलं. रजिस्टरात चढलं: १ जून १९६७. खाली अक्षरी.

त्या तारखेपायी नोकरीचे सात महिने गेले. मी तसं बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "बाई, गुरुजी त्या दिवशी खरं लिहिते, तर नोकरीच नसती."

मग त्यांनी थोरल्या भावाचं नाव शोधायला सांगितलं. कधीतरी चार दिवस तरी आला असेल, अशी आशा. दोघांनी मिळून पानं उलटली. नाव नव्हतं.

मामंजींनी तारीख बदलली ते योग्यच केलं, असं मी ठामपणे म्हणते. आजच्या बहुतेक मुलांच्या हातात दवाखान्याचा दाखला असतो, तारीख मिनिटासकट खरी असते आणि तशी कुणाला बदलायची गरजही पडत नाही. पण ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर जाणारं मूल वर्गातून निसटतंच, आणि त्याच्यासाठी मला अजूनही दारोदार जावं लागतं.

त्या थोरल्या भावाची नात यंदा माझ्या चौथीत आहे. अपूर्णांकांची बेरीज तिला जमते, वजाबाकीत अडते. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेते आहे.