गॉफ बंधूंची दोन पदकं: एक नोंद कशी वाचायची

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रांनो, आज एक जुना कागद वाचू. तो प्रयोगशाळेतला नाही, लढाईतला आहे. इतिहास हा माझा विषय नाही, पण ज्याला आपण 'सॅम्पलिंग बायस' म्हणतो तो इतका स्पष्ट मला क्वचितच कुठे दिसला.

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्याचं सर्वोच्च शौर्यपदक 1856 मध्ये सुरू झालं. आजवर ते मिळालेल्या सख्ख्या भावांच्या जोड्या फक्त चार. त्यांतली पहिली चार्ल्स आणि ह्यू गॉफ यांची, आणि दोघांनाही ते 1857-58 च्या उठावातल्या लढायांसाठी मिळालं, म्हणजे आपल्याच लोकांविरुद्ध लढून. हे वाचताना घशात काहीतरी अडकतं. अडकू द्या, पण वाचन थांबवू नका.

पदक देताना लंडन गॅझेटमध्ये कारण छापतात, त्याला सायटेशन म्हणतात (आपलं संदर्भ देण्याचं सायटेशन वेगळं). चार्ल्सच्या सायटेशनमध्ये चार प्रसंग आहेत. पहिला 15 ऑगस्ट 1857 चा, रोहतकजवळच्या खरखोद्याचा: जखमी भावाला त्यानं वाचवलं आणि दोघांना ठार केलं. तीन दिवसांनी गाइड्सच्या घोडदळाची तुकडी घेऊन हल्ला, आणखी दोघं. जानेवारी 1858 मध्ये शमशाबादला एका पुढाऱ्याच्या अंगात तलवार घुसवली, ती झटापटीत हातातून गेली, मग रिव्हॉल्व्हरनं दोघांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारीत मियाँगंजला ॲन्सन नावाच्या अधिकाऱ्याच्या मदतीला धावला, पुन्हा दोघं.

आता पेन्सिल घ्या. समोरची माणसं एकेक करून मोजली आहेत, बेरीज नऊ येते. नाव मात्र एकाचंही नाही. नाव आहे ते ॲन्सनचं.

ह्यूचं सायटेशन वाचायला जास्त थरारक आहे. 12 नोव्हेंबर 1857 ला लखनौजवळच्या आलमबागेपाशी हॉडसन्स हॉर्सची तुकडी घेऊन तो दलदलीतून घुसला आणि दोन तोफा ताब्यात घेतल्या. घोडा दोन ठिकाणी जखमी, आणि डोक्यावरचा फेटा तलवारीच्या वारांनी फाटलेला. हो, फेटाच! फेब्रुवारीतल्या दुसऱ्या प्रसंगात त्याचे दोन घोडे मारले गेले आणि पायातून गोळी आरपार गेली.

पण त्या दलदलीत तो एकटा नव्हता. हॉडसन्स हॉर्समधले स्वार बहुतांशी पंजाबकडचे. त्याच चिखलातून, त्याच तोफांवर तेही गेले. त्यांना हे पदक मिळणं शक्यच नव्हतं, कारण हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाला 1911 मध्ये. त्यांच्यासाठी कंपनीनं 1837 मध्ये सुरू केलेली वेगळी 'ऑर्डर ऑफ मेरिट' होती. त्यात मरणोत्तर पदक देण्याची रीतही तेव्हा नव्हती, ती विसाव्या शतकात रुळली. म्हणजे तुमच्या हातातल्या यादीत येण्यासाठी धाडस पुरेसं नाही: माणूस हिंदी सैनिक नसायला हवा, कुणा वरिष्ठानं शिफारस करायला हवी, आणि शक्यतो जिवंत राहायला हवा. या उठावासाठी 182 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. या आकड्यावरून शौर्याचा आलेख काढायला बसाल, तर तो शौर्याचा नसेल, शिफारशींचा असेल.

मग दुसरा साधनप्रकार उघडा. ह्यूनं 'ओल्ड मेमरीज' नावानं आठवणी लिहिल्या, त्या 1897 मध्ये छापल्या गेल्या. उठाव झाला तेव्हा तो मेरठला तिसऱ्या लाइट कॅव्हलरीत होता. 9 मे ला त्याच रेजिमेंटच्या 85 स्वारांना सगळ्यांसमोर बेड्या घातल्या गेल्या. त्या संध्याकाळी त्याच्याच तुकडीतल्या एका हिंदी अधिकाऱ्यानं त्याला सावध केलं की उद्या उठाव होणार. ह्यूनं वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी हसण्यावारी नेलं. सायटेशनमध्ये ज्यांना 'शत्रू' हा एकच शब्द आहे, त्यांच्यातले काही कालपर्यंत याच सैन्यातले होते. आठवणी चाळीस वर्षांनंतरच्या आहेत, तेव्हा त्यांनाही गाळणी लावायलाच हवी. पण गॅझेट जे सांगत नाही ते इथे सापडतं.

'शौर्य रक्तातच असतं' म्हणणारे या घराण्याचं उदाहरण हमखास देतात, कारण चार्ल्सचा मुलगा जॉन यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, सोमालीलँडमधल्या एप्रिल 1903 च्या चकमकीसाठी. चार जोड्यांवरून आनुवंशिकता सिद्ध करणाऱ्याला तुमचे गाइड काय म्हणतील ते तुम्हीच ठरवा. मला जॉनची नोंद वेगळ्याच कारणासाठी आवडते. त्या तुकडीचा प्रमुख तोच, अहवाल लिहिणाराही तोच. त्यात त्यानं सोबतच्या अधिकाऱ्यांची कामगिरी लिहिली आणि स्वतःची दडवली. वॉकर आणि रोलंड या दोघांना त्याच वर्षी पदक जाहीर झालं. जॉनचा वाटा नंतर उघड झाला आणि त्याचं नाव गॅझेटमध्ये आलं ते जानेवारी 1904 मध्ये.