दोन हद्दींमधली पत : हैदराबादच्या सुलतान बाजाराचा इतिहास

एखाद्या राज्याने बाहेरच्या कंपन्यांना आपल्याकडे बोलावताना जमीन, करसवलत, रस्ते, वीज आणि मनुष्यबळ यांची यादी पुढे करावी, ही आजची सर्वमान्य रीत आहे. परंतु व्यापारी आपली पेढी एका गावातून उठवून दुसऱ्या गावी नेतो तेव्हा त्या यादीच्या आधी तो हे पाहतो की, दिलेली रक्कम परत मिळण्याची शाश्वती आहे का आणि ती बुडू लागल्यास दाद मागायला जागा आहे का. हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेला, कोठी भागालगत वसलेल्या सुलतान बाजाराचा सारा इतिहास याच विचाराभोवती घडला आहे. १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती निजामाच्या राजधानीला खेटून असूनही निजामाच्या अमलाबाहेर होती, आणि तिच्या भरभराटीचे कारण व तिच्यामुळे राज्याने सोसलेल्या नुकसानीचे कारण एकच होते.

१७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर निजामाच्या दरबारातील इंग्रज वकिलाचे, म्हणजे रेसिडेंटचे, वजन झपाट्याने वाढले. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा रेसिडेंट असताना १८०३ मध्ये नदीपलीकडे रेसिडेन्सीच्या भव्य इमारतीचे काम सुरू झाले. तिचा आराखडा सॅम्युएल रसेल या लष्करी अभियंत्याने तयार केला आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून झाला. इमारतीभोवती नोकरचाकर, शिपाई, कारकून आणि त्यांना माल पुरवणारे दुकानदार यांची वस्ती वाढत गेली. या वस्तीत पोलीस, न्यायनिवाडा आणि करवसुली रेसिडेंटच्या हाती होती, त्यामुळे शहराच्या अंगालाच वेगळ्या कायद्याची एक छोटी हद्द तयार झाली आणि अवघ्या काही पावलांच्या अंतराने माणसाचे न्यायालय बदलू लागले.

या हद्दीचे मोल समजण्यासाठी त्या काळच्या निजामी राज्याचा पैसा कसा फिरत असे, हे पाहावे लागते. सरकारला फौजेच्या पगारासाठी दरमहा रोकड लागे, पण महसूल मात्र पीक हाती आल्यावर जमा होई. मधली तूट सावकार भरून काढीत आणि त्या बदल्यात त्यांना तनखा, म्हणजे अमुक तालुक्याच्या वसुलीतून रक्कम घेण्याचा लेखी हुकूम, मिळे. एका शहरातून दुसऱ्या शहरात रक्कम पाठवायची ती हुंडीवर. दाखवताच रक्कम मिळे ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी मिळे ती मुदती. ही व्यवस्था सावकाराच्या शब्दावर आणि सरकारच्या नियतीवर चाले. दिवाण बदलला की जुना तनखा नाकारला जाण्याची भीती असे, अमीर-उमरावांकडील येणे वसूल करण्यासाठी अरब किंवा रोहिले शिपाई पदरी ठेवावे लागत, आणि पुष्कळदा तेच अरब जमादार स्वतः सावकारी करून मूळ सावकारालाच डोईजड होत. अशा स्थितीत कारवान आणि बेगम बाजार या जुन्या पेठांत घरोबा असलेल्या सावकारांनाही रेसिडेन्सीच्या छायेत एखादे घर, एखादी गादी असणे सोयीचे वाटू लागले, कारण तेथे राहणाऱ्याच्या तक्रारीची दखल रेसिडेंट घेई आणि रेसिडेंटचा शब्द टाळणे दिवाणाला जड जाई.

या सावकारांत मारवाडी, गुजराती आणि पारशी यांच्याबरोबर गोसावी पेढ्यांचे स्थान मोठे होते. गिरी, पुरी अशी दशनामी नावे लावणाऱ्या या मठधारी व्यापाऱ्यांची मालमत्ता गुरूकडून शिष्याकडे जात असे, त्यामुळे भाऊबंदकीत भांडवलाचे तुकडे पडत नसत आणि एकाच पेढीत पिढ्यान्‌पिढ्या पैसा साठत राही. सुलतान बाजारातील राजा प्रतापगिरजी यांची कोठी त्या वैभवाची साक्ष देते.

मात्र या हद्दीने दिलेल्या संरक्षणाचा सर्वांत मोठा लाभार्थी ठरली ती विल्यम पामर अँड कंपनी. पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेले जनरल पामर आणि त्यांची मोगल घराण्यातील पत्नी यांचा मुलगा विल्यम पामर प्रथम निजामाच्या फौजेत होता. नंतर त्याने रेसिडेन्सीच्या परिसरात पेढी काढली आणि गोदावरीच्या खोऱ्यातील सागवान, वऱ्हाडातील कापूस आणि सरकारला कर्जपुरवठा असे तिन्ही व्यवहार हाती घेतले. इंग्रज प्रजाजनांनी हिंदी संस्थानिकांना कर्ज देण्यास ब्रिटिश पार्लमेंटच्या १७९७ च्या कायद्याने बंदी होती, पण गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी १८१६ मध्ये या पेढीला सूट दिली, आणि हेस्टिंग्ज यांच्या घरात वाढलेल्या मुलीचा पती सर विल्यम रम्बोल्ड पेढीचा भागीदार झाला. औरंगाबाद आणि वऱ्हाडकडील निजामाच्या फौजेचा पगार पेढीने भागवायचा आणि त्यासाठी नेमून दिलेला महसूल आपल्याकडे वळवायचा, असा करार झाला, आणि व्याजाचे दर शेकडा २५ च्या घरात गेले.

१८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आले, तेव्हा नव्याने मंजूर झालेल्या ६० लाख रुपयांच्या कर्जाचा बराच भाग म्हणजे प्रत्यक्षात जुनीच देणी आणि भागीदारांचा मोबदला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलशी वाद मांडला, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी सवलत काढून घेतली आणि १८२४ च्या सुमारास पेढी बुडाली. देणे फेडण्यासाठी निजामाला उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी सरकारकडून दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश कायमची सोडावी लागली आणि तिच्या मोबदल्यात सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकदम घेऊन ते पामरच्या खात्यावर भरावे लागले. परकीय छत्राखाली असलेल्या एका पेढीचे कर्ज फेडताना राज्याचे कायमचे उत्पन्न संपले, हे या प्रकरणाचे सार आहे.

याउलट अनुभव पेस्तनजी विकाजी यांच्या पेढीला आला. तारापूरच्या या पारशी घराण्याने वऱ्हाडचा कापूस मुंबईला पोहोचवण्याचा व्यापार उभारला, औरंगाबादेत टांकसाळ चालवली आणि दिवाण चंदूलाल यांच्या काळात सरकारला मोठी कर्जे देऊन वऱ्हाडातील महसुलाची वहिवाट मिळवली. चंदूलाल पायउतार होताच नेमून दिलेले मुलूख काढून घेण्यात आले, येणे अडकले आणि पेढी कोसळली. इंग्रज सरकारकडे केलेल्या अर्जविनंत्यांचा उपयोग झाला नाही. एकीकडे सवलतीच्या जोरावर राज्याला नागवणारी पेढी आणि दुसरीकडे राज्याच्या लहरीने बुडालेली पेढी, ही दोन्ही टोके कायद्याऐवजी मर्जीवर चालणाऱ्या व्यवहारातून निर्माण झाली. फौजेच्या थकीत खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तेव्हा या मर्जीच्या अर्थकारणाची किंमत मराठी भाषक जिल्ह्यांना थेट मोजावी लागली.

रेसिडेन्सीभोवतीच्या सावकारी वस्तीचे राजकीय रूप १८५७ मध्ये उघडे पडले. १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर चाल केली, तेव्हा त्यांनी मोर्चा बांधला तो पुतळी बावडीजवळच्या अब्बन साहेब आणि जयगोपालदास यांच्या घरांत, म्हणजे रेसिडेन्सीच्या भिंतीसमोरच. हल्ला रात्रभरात मोडून काढण्यात आला आणि पुढे रेसिडेन्सीची तटबंदी अधिक भक्कम करण्यात आली. राजधानीत असंतोष उसळला की त्याचा पहिला रोख याच हद्दीकडे वळणार, हे मात्र त्या दिवशी स्पष्ट झाले.

पहिले सालारजंग यांनी १८५३ ते १८८३ या काळात दिवाणगिरी करताना या दुखण्याच्या मुळाला हात घातला. त्यांनी अरब जमादारांचा जोर मोडला, महसूल गहाण टाकण्याची पद्धत आवरली, अदालती उभारल्या आणि हाली सिक्का नावाचे राज्याचे नाणे एका वळणावर आणले; १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेपर्यंत आगगाडी आली आणि मुंबईचा बाजार जवळ आला. तरीही दोन हद्दींचा भेद रोजच्या व्यवहारात कायम राहिला. रेसिडेन्सी बाजारात इंग्रजी कलदार रुपया चाले आणि हद्द ओलांडताच हाली, आणि शंभर कलदारांना साधारण ११६ ते ११७ हाली रुपये पडत असल्याने गिऱ्हाईकाला भाव सांगताना रुपया कोणता, हे आधी ठरवावे लागे. वटणावळ, म्हणजे नाणे बदलून देण्याचा मोबदला, हे सराफाचे रोजचे उत्पन्न होते आणि त्यावर येथील अनेक गाद्या चालत.

कायद्याच्या या आडोशाचा लाभ केवळ पैशाला झाला नाही. निजामी अमलात सभा आणि छापखाने यांवर निर्बंध असताना रेसिडेन्सी बाजारात १८९२ मध्ये आर्य समाज स्थापन झाला आणि १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय उघडले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरात झालेले असून मराठीत लिहिण्याइतकी त्यांची त्या भाषेत गती होती. जवळच्या जांबागेत १९०७ पासून विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींची शाळा सुरू झाली. जेथे हिशेबाची वही सुरक्षित असते तेथे पुस्तक आणि विचारही वस्तीला येतात, हे या परिसराने दाखवून दिले.

विसाव्या शतकात निजाम सरकारने उद्योगांना स्वतःच्या बळावर आकर्षित करण्याचे धोरण आखले. १९२९ मध्ये एक कोटी रुपयांचा औद्योगिक न्यासनिधी उभा राहिला, आणि कापड, साखर व कागद यांच्या कारखान्यांना सरकारी भांडवलाचा आधार मिळू लागला. वरंगळच्या आझमजाही गिरणीप्रमाणे नांदेडची उस्मानशाही गिरणीही याच धोरणाच्या वर्तुळातली होती. १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. शतकभर ज्या हद्दीमुळे व्यापारी येथे आले, ती हद्द पुसली गेल्यावर बाजार उठला असता तर नवल नव्हते. पण तो उठला नाही. तोवर राज्याच्या अदालती, कागदी चलन आणि रेल्वे यांवर लोकांचा विश्वास बसू लागला होता, आणि १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँकेचे कामकाज सुरू झाल्यावर सरकारी पतपुरवठाही सावकाराच्या गादीवरून सरकारच्या स्वतःच्या बँकेकडे वळला.

आजचे तेलंगण राज्य उद्योगांना परवान्यांची हमी देते. २०१४ च्या टीएस-आयपास कायद्यानुसार अतिमोठ्या (मेगा) प्रकल्पांना १५ दिवसांत आणि इतरांना ३० दिवसांत मंजुरी देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले आहे. अशा हमीचे खरे महत्त्व ती कोणाला मिळते यावर ठरते, असे सुलतान बाजाराचा इतिहास सांगतो. एका पेढीला दिलेली खास सूट पामर प्रकरणात राज्याच्या मुळावर आली, दिवाणाच्या मर्जीवर दिलेला मुलूख पेस्तनजींच्या हातून एका फटक्यात गेला, आणि परक्या हद्दीने दिलेले संरक्षण राज्याच्या स्वायत्ततेच्या किमतीवर मिळाले. सर्वांना सारखा लागू होणारा, दिवाण बदलला तरी न बदलणारा आणि राज्याने स्वतः निर्माण केलेला कायदा मिळाल्यावरच हा बाजार कोणत्याही विशेष हद्दीवाचून टिकला. म्हणून बाहेरच्या उद्योगाला बोलावणाऱ्या राज्याने सवलतींची यादी वाढवण्यापूर्वी आपल्या न्यायालयातील निकाल वेळेवर लागतात का आणि आपल्या सरकारने दिलेला शब्द पुढचे सरकार पाळते का, याची व्यवस्था आधी लावली पाहिजे.