शरद पवार यांचा मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाचा राजीनामा
मुंबई क्रिकेट असोसिएशनचे (एमसीए) अध्यक्ष शरद पवार यांनी डिसेंबर २०१६ मध्ये पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यामागे निवडणुकीतील पराभव नव्हता; आड आले ते वय. न्या. आर. एम. लोढा समितीने पदाधिकाऱ्यांसाठी सुचवलेली ७० वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ रोजी मान्य केली होती. पवार यांनी ७६ वर्षे पूर्ण केली होती.

एमसीएचे अध्यक्षपद मैदानावरील कीर्तीने नव्हे, तर संलग्न क्लबांच्या मतांनी मिळते. २००१ मध्ये पवार यांनी अजित वाडेकर यांचा पराभव केला आणि दहा वर्षे हे पद राखले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर यांना विलासराव देशमुख यांनी हरवले. भारताचे दोन माजी कर्णधार हरले आणि दोन्ही वेळा राजकीय नेते जिंकले, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. देशमुख यांच्या निधनानंतर २०१३ मध्ये पवार परतले. गोपीनाथ मुंडे यांचा अर्ज रहिवासाच्या मुद्द्यावर बाद झाल्याने लढतच झाली नाही. २०१५ मध्ये मात्र विजय पाटील यांनी त्यांना चुरशीची झुंज दिली. पवार १७२ विरुद्ध १४५ मतांनी निवडून आले.

वानखेडे स्टेडियमवर २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा एमसीए आणि आयसीसी या दोन्ही संस्थांचे अध्यक्ष पवारच होते.

लोढा समितीच्या ‘एक राज्य, एक मत’ या शिफारशीमुळे मुंबईचा बीसीसीआयमधील कायम मताधिकारही धोक्यात आला होता. न्यायालयाने ९ ऑगस्ट २०१८ रोजी ती अट मागे घेतली. वयोमर्यादा तशीच राहिली.