सवड आणि लेखणी : देवासचे दोन दाखले

‘सवड मिळाली की लिहू’ हे वाक्य माळव्यातील मराठी घरांना अपरिचित नाही. पूर्वज कोणत्या गावाहून आले, चाकरी कशी मिळाली, सणावारी घरात कोणती गाणी म्हटली जात, हे लिहून ठेवण्याचा संकल्प प्रत्येक पिढी करते आणि पुढच्या पिढीवर सोपवते. लेखनाला खरोखर सवडच लागते काय, याचा विचार करू लागल्यास दोन बोलके दाखले आपल्या लोहारद्याच्याच जिल्ह्यात, देवास शहरी सापडतात.

१७२८ मध्ये तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी देवासला राज्य स्थापिले आणि त्याच्या थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या. थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव तिसरे यांचे खासगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने देवासला राहिले. हिंदुस्थानावरील एका अपुऱ्या कादंबरीची आरंभीची प्रकरणे त्यांनी सोबत आणली होती. विषय हिंदुस्थानचा आणि मुक्कामही हिंदुस्थानात. तेव्हा लेखणी वेगाने चालावी, अशीच त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. संध्याकाळी खोलीत ती पाने काढून बसावे, तर ती निर्जीव वाटत. आठवणीतला देश आणि डोळ्यांसमोरचा देश यांचा मेळ बसेना. मायदेशी परतल्यावर तो बसू लागला आणि १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टू इंडिया’ प्रसिद्ध झाली.

म्हणून देवासचे ते महिने वाया गेले काय? मुळीच नाही. कादंबरी अडली होती, तरी फॉर्स्टर घरी पत्रे लिहीत होते. दरबारचे रिवाज, कारभारातील गोंधळ, राजवाड्यातील गोकुळाष्टमी असे सारे त्या पत्रांत उतरले. त्या उत्सवाच्या अनुभवातूनच कादंबरीचा अखेरचा भाग उभा राहिला. त्यातील भजनात तुकोबांचे नाव येते, ते देवासच्या मराठी दरबाराचे देणे होय. पुढे १९५३ मध्ये ती पत्रेही ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. प्रतिभा रुसली होती, टिपणे मात्र थांबली नव्हती.

दुसरा दाखला भास्कर रामचंद्र तांबे यांचा. मुंगावलीस जन्मलेल्या तांब्यांचे शिक्षण झाशी व देवास येथे झाले. देवासच्या युवराजांचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि पुढेही त्यांचे आयुष्य मध्य हिंदुस्थानातील संस्थानी चाकरीतच गेले. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते दूर होते. परंतु या प्रदेशातील गायनाचे संस्कार त्यांच्या गीतांत मुरले. त्यांचा पहिला संग्रह १९२० मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, वा. गो. मायदेवांनी संपादिला. समग्र कविता १९३५ मध्ये माधव जूलियनांनी सिद्ध केली. ग्वाल्हेरचे राजकविपद तर १९३७ मध्ये, आयुष्याच्या उतारावर लाभले. त्या पदाची वाट पाहत कविता थांबली असती, तर मायदेवांच्या हाती काय लागले असते?

फॉर्स्टरांना विषय समोर असूनही लिहिता आले नाही. तांब्यांनी नोकरी सांभाळून लिहिले. प्रेरणा केव्हा यावी हे आपल्या हाती नाही. ती येईल तेव्हा तिला सामग्री मिळावी, एवढी तजवीज आपल्या हाती आहे. एखादे पत्र, रोजकीर्दीच्या कडेची नोंद, आजीच्या तोंडची एखादी ओवी यांना मोठी सवड लागत नाही. तसेच, लिहिणाऱ्याइतकाच जमविणाराही हवा. मायदेव आणि माधव जूलियन यांचे ऋण मोठे आहे ते याचसाठी.

लोहारद्यासारख्या गावी आज नातवंडांची शाळा हिंदीत, बाजार हिंदीत. मराठी उरते ती देवघरात आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात. त्या बोलण्यातून कादंबरी होईल की नाही, हे पुढचा कोणी प्रतिभावंत ठरवील. आपण चार ओळी टिपून, खाली तिथी-तारीख घालून, त्या जपून ठेवाव्यात. सांगणारे माणूस घरात आहे, तोवरच हे काम होण्याजोगे आहे.