एका चेंडूची कसोटी

रिद्धपुरातून बोलतोय. परवा आमच्या मैदानावर एक पोट्टा पहिल्याच चेंडूवर आऊट झाला. सगळे हसले; मला रॉय पार्क आठवला.

हा ऑस्ट्रेलियाचा डॉक्टर. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन होता. परतल्यावर इंग्लंडविरुद्ध मेलबर्नला पहिली कसोटी मिळाली, डिसेंबर १९२० मध्ये. हॅरी हॉवेलचा पहिलाच चेंडू, आणि त्रिफळा! ऑस्ट्रेलिया डावानं जिंकली, म्हणून दुसरी बॅटिंग नाही. पुन्हा बोलावणंही नाही. बायको पडलेलं विणकाम उचलायला वाकली, तेवढ्यात नवऱ्याची अख्खी कसोटी बॅटिंग हुकली, असं सांगतात.

रेकॉर्डमध्ये भोपळा. पण युद्धातली डॉक्टरकी कोणत्या स्कोअरबोर्डवर लिहायची? त्या पोट्ट्याला म्हटलं, राजा, भोपळ्यानं माणूस मोजत नसतात.